काकवी कुठवर पसरेल? दाट द्रव, मोकळी कड आणि त्यामागचं गणित

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी उठल्या उठल्या एकच चौकशी होते: पाणी किती फुटांवर? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पंचगंगेचं पाणी किती वेगानं वाहतंय हे सहसा कुणी विचारत नाही. पाण्याचा पृष्ठभाग कुठवर आलाय, एवढंच हवं असतं.

गणितात याला मुक्त सीमेचा प्रश्न म्हणतात. घरातल्या पाइपमधून पाणी जातं तेव्हा पाणी कुठं आहे हे शोधावं लागत नाही; पाइप आहे तिथं पाणी आहे, वेग आणि दाब तेवढे काढायचे. ताटात ओतलेली काकवी, भिंतीवरून ओघळणारा रंग, चमच्यावरून लोंबणारी मधाची धार यांचं तसं नाही. द्रवाची एक बाजू हवेत मोकळी आहे. ती कुठं असेल हे आतल्या वेगावर ठरतं, आणि आतला वेग काढायचा तर ती कुठं आहे हे आधी कळायला हवं. त्यामुळं दोन्ही एकदमच काढावे लागतात.

नदी इथंच सोडू. पुरात पाण्याच्या चिकटपणाला फारसं कुणी विचारत नाही. तिथं उतार, खळबळ आणि पात्राची रुंदी यांचं राज्य. चिकटपणा जिथं खरा मालक आहे असा द्रव पाहायचा तर गुऱ्हाळावर जावं. उसाचा रस काहिलीत आटत सुमारे १०५ अंश सेल्सिअसला काकवीवर येतो, आणि आणखी आटवला की ११८ च्या आसपास गुळाच्या पाकावर. थोडा पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, हे गुळव्या बघतो. त्याच्या बोटांना कळतं ती गोष्ट म्हणजे श्यानता: द्रवाचा एक थर शेजारच्या थरावरून सरकताना होणारा विरोध.

घट्ट आणि जड यांत गल्लत नको

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत लाडलमधून लोखंडाचा रस साच्यात पडताना पाहिला की तो मधासारखा जाडसर असावा असं वाटतं. तसं नसतं. वितळलेल्या लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे सातपट, श्यानता साधारण पाच-सहा पट. वाहण्यात महत्त्वाचा असतो तो या दोहोंचा भागाकार, श्यानता भागिले घनता. त्याला गतिक श्यानता म्हणतात. लोखंडाच्या रसाची गतिक श्यानता पाण्याइतकीच, किंबहुना किंचित कमी निघते. म्हणजे वाहण्याच्या बाबतीत तो रस पाणीच आहे, फक्त जड आणि तापलेलं.

त्याचं वेगळेपण पृष्ठताणात, म्हणजे पृष्ठभाग स्वतःला आवळून धरतो त्या ओढीत, आहे. शुद्ध लोखंडाचा पृष्ठताण सुमारे १.८ न्यूटन प्रति मीटर, पाण्याच्या पंचवीसपट. म्हणूनच साच्यातल्या वाळूच्या बारीक छिद्रांत तो सहजासहजी शिरत नाही. छिद्राची त्रिज्या ०.१ मिलिमीटर धरली तर आत घुसायला दुप्पट पृष्ठताण भागिले त्रिज्या, म्हणजे ३६,००० पास्कल दाब लागतो. एवढा दाब लोखंडाच्या अर्ध्या मीटरच्या स्तंभाखाली तयार होतो. ओतीव लोखंडात गंधक असतं, त्यानं पृष्ठताण उतरतो आणि ही मर्यादा आणखी खाली येते. उंच कास्टिंगच्या तळाशी वाळू धातूत रुतून पृष्ठभाग खरखरीत का होतो, याचं एक कारण हे. तिथं मुक्त सीमा वाळूच्या कणाकणांत अडकलेली असते.

आता काकवी. हिशेबासाठी एक नमुना ठरवू: घनता १४०० किलो प्रति घनमीटर, श्यानता ७ पास्कल-सेकंद, पृष्ठताण ०.०७ न्यूटन प्रति मीटर. प्रत्येक गुऱ्हाळाची काकवी वेगळी, आणि तीच काकवी डिसेंबरच्या पहाटे आणि दुपारी वेगळी. पण आकड्यांची ठेवण समजायला हा नमुना पुरे. याची गतिक श्यानता ०.००५ चौरस मीटर प्रति सेकंद येते, पाण्याच्या ५००० पट.

समीकरण सोपं होतं, प्रश्न होत नाही

द्रवाच्या हालचालीचं मूळ समीकरण नेव्हिएनं १८२२ च्या सुमारास मांडलं आणि स्टोक्सनं १८४५ मध्ये पक्क्या पायावर उभं केलं. शब्दांत सांगायचं तर: द्रवाच्या इवल्याशा तुकड्याचं वस्तुमान गुणिले त्वरण म्हणजे दाबातला फरक, शेजारच्या थरांची ओढ आणि वजन यांची बेरीज. जोडीला एक अट: द्रव दाबून लहान होत नाही, तुकड्यात जेवढा आला तेवढाच बाहेर गेला पाहिजे.

यातली सगळी दुखणी त्वरणाच्या पदात असतात. वेग स्वतःलाच वाहून नेतो, वेगाला वेगानं गुणलं जातं, आणि तिथून भोवरे व खळबळ सुरू होते. काकवीत हे पद जवळपास मरतं. वेग गुणिले जाडी भागिले गतिक श्यानता या संख्येला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. तो एकपेक्षा खूप लहान असेल तर त्वरण खुशाल टाकून द्यावं. उरतं ते स्टोक्सचं समीकरण, आणि ते रेषीय आहे: जोर दुप्पट केला तर वेग दुप्पट, दोन उत्तरांची बेरीज हेही उत्तर.

मग काकवीचा प्रश्न संपला का? नाही, आणि या विषयाची खरी मेख इथंच आहे. समीकरण रेषीय झालं तरी ते ज्या जागेत सोडवायचं ती जागाच उत्तराचा भाग आहे. काकवीचा थर दुप्पट जाड केला तर वाहून जाणारी काकवी दुप्पट होत नाही, आठपट होते. समीकरणातून हाकललेला वाकडेपणा कडेवरून परत आत येतो.

कड काय काय मागते, तेही पाहू. पहिली मागणी साधी: कडेवरचा कण कडेवरच राहतो, म्हणून कणांच्या वेगानंच कड सरकते. दुसरी बलांची. हवा इतकी हलकी की ती काकवीला बाजूनं ओढू शकत नाही, तेव्हा पृष्ठभागाला समांतर ताण शून्य. आणि पृष्ठभागाला लंब दिशेनं आतल्या-बाहेरच्या दाबात जो फरक पडतो तो पृष्ठताण गुणिले वक्रता एवढा. तळाशी वेगळी अट: ताटाला टेकलेला थर ताटाला चिकटून बसतो, त्याचा वेग शून्य. समांतर ताण शून्य ही अट मात्र जपून वापरावी. काहिलीतल्या रसावर मळी जमली, किंवा काकवीवर वाळून पातळ पापुद्रा धरला, की पृष्ठभाग मोकळा राहत नाही. तो सैल कातड्यासारखा वागतो आणि पुढचे सगळे आकडे बिघडतात.

कललेलं ताट

ताट ३० अंशांत कललंय आणि त्यावर २ मिलिमीटर जाड काकवीचा सपाट थर आहे असं धरा. थरात कुठंही ताटाला समांतर अशी एक पातळी कल्पा. त्या पातळीच्या वर जेवढी काकवी आहे तिच्या वजनाचा उताराच्या दिशेचा भाग त्या पातळीवरच्या ताणानं पेलायचा असतो. तळाशी हा ताण सगळ्यात जास्त, पृष्ठभागावर शून्य. ताणाला श्यानतेनं भागलं की वेग किती झपाट्यानं वाढतो ते मिळतं, आणि तळापासून बेरीज करत वर आलं की वेग.

उत्तर येतं: पृष्ठभागाचा वेग म्हणजे गुरुत्व त्वरण गुणिले उताराची साइन गुणिले जाडीचा वर्ग, भागिले दुप्पट गतिक श्यानता. आपल्या नमुन्यात तो जवळजवळ २ मिलिमीटर प्रति सेकंद. सरासरी वेग याच्या दोन-तृतीयांश, १.३. जाडी १ मिलिमीटर केली तर वेग चौथाई आणि प्रवाह आठवा हिस्सा. रेनॉल्ड्स अंक ०.०००५ च्या आसपास निघतो, तेव्हा त्वरण टाकलं ते योग्यच झालं.

ही शेवटची तपासणी विसरू नये. हेच सूत्र डोळे झाकून २ मिलिमीटर पाण्याला लावलं तर पृष्ठभागाचा वेग जवळपास १० मीटर प्रति सेकंद येतो, जो कुठल्याही ताटावर कधी दिसणार नाही. तिथं रेनॉल्ड्स अंक १३,००० वर जातो, म्हणजे ज्या गृहीतावर सूत्र उभं आहे तेच कोसळलंय. सूत्र कधीच स्वतःहून सांगत नाही की मला इथं वापरू नका.

थर सगळीकडं सारखा नसेल तर? प्रवाह जाडीच्या घनावर अवलंबून, म्हणून जाड भाग पुढच्या पातळ भागाला गाठतो. जाडीतला छोटासा उंचवटा काकवीच्या सरासरी वेगाच्या तिप्पट वेगानं खाली येतो. तो आघाडीला पोचला की तिथं फुगवटा धरतो, जणू काकवीला नाक फुटतं. पृष्ठताण ते नाक गोल करतो, पण आघाडी सरळ रेषेत ठेवणं त्याला जमत नाही. कुठं तरी नाक जरासं जाड असतं. जाड म्हणून तिथली काकवी पुढं धावते. पुढं गेली म्हणून शेजारची काकवी तिकडं ओढली जाते. थोड्या वेळात सरळ आघाडीचे ओघळ होतात. भिंतीवर रंगाचा हात जाड बसला की ओघळ येतात ते याच कारणानं, आणि पेंटर दोन पातळ हात देतो त्यातही घनाचाच हिशेब आहे: अर्ध्या जाडीचा थर आठवा हिस्साच वाहतो, आणि तो सरकायच्या आत वाळतो.

बाटलीतली शेवटची काकवी

बाटली उलटी धरली तरी काकवी भिंतीला चिकटून का राहते, याचं उत्तर जेफ्रीजनं १९३० साली दिलं. उभ्या भिंतीवरून निथळणाऱ्या थराची जाडी बऱ्याच वेळानंतर अशी उरते: गतिक श्यानता गुणिले वरच्या काठापासूनचं अंतर, भागिले गुरुत्व त्वरण गुणिले वेळ, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. सुरुवातीला थर किती जाड होता हे सूत्रात कुठंच नाही.

आपल्या काकवीसाठी वरच्या काठापासून १० सेंटिमीटरवर एका मिनिटानं ०.९ मिलिमीटर थर उरतो, चार मिनिटांनी ०.४६, दहा मिनिटांनी ०.२९. थर निम्मा करायचा तर वेळ चौपट. उलटी बाटली धरून बसण्यात राम नाही तो यामुळं. श्यानता आणि वेळ सूत्रात एकाच अपूर्णांकात, एक वर आणि एक खाली, बसलेत. म्हणून बाटली गरम पाण्यात ठेवून श्यानता चौथाई केली की तेच काम चौथाई वेळात होतं. साखरेच्या दाट पाकाची श्यानता थोड्याशा उष्णतेनंही झपाट्यानं उतरते, त्यामुळं हा सौदा नेहमी फायद्याचा.

सपाट ताटावरचं थारोळं

५० मिलिलिटर काकवी सपाट ताटाच्या मधोमध ओतली. आता उतार नाही. काकवी पसरते ती मधला उंचवटा स्वतःच्या वजनानं खाली बसतो म्हणून. या प्रश्नाचं नेटकं उत्तर हर्बर्ट हपर्टनं १९८२ मध्ये दिलं: थारोळ्याची त्रिज्या वेळाच्या आठव्या मुळाच्या प्रमाणात वाढते.

आठवं मूळ म्हणजे किती सावकाश, ते आकड्यांतच कळतं. आपल्या नमुन्याला १० सेकंदांनी त्रिज्या ६.५ सेंटिमीटर, १०० सेकंदांनी ८.७. वेळ दहापट झाला, त्रिज्या फक्त एक-तृतीयांशानं वाढली. त्रिज्या दुप्पट व्हायला २५६ पट वेळ लागतो. कारण दुहेरी आहे: पसरेल तसा थर पातळ होतो आणि जाडीचा घन प्रवाहाचा गळा आवळतो, शिवाय पसरल्यामुळं उंचवट्याचा उतारही कमी होतो.

२५६ पट वेळ थांबलं तरी ती दुप्पट त्रिज्या प्रत्यक्षात दिसणार नाही. १०० सेकंदांनंतर थराची सरासरी जाडी २ मिलिमीटरवर येते. पृष्ठताण भागिले घनता गुणिले गुरुत्व त्वरण, याचं वर्गमूळ काढलं की एक लांबी मिळते. आपल्या काकवीत २.३ मिलिमीटर, पाण्यात २.७. याहून मोठ्या आकारात वजनाचं चालतं, लहानात पृष्ठताणाचं. थारोळं त्या सीमेवर आलं की पृष्ठताण कड धरून ठेवायला लागतो, आणि ताट तेलकट असेल तर पसरणं तिथंच थांबतं.

गुळाचा पाक वाफ्यात ओततात तेव्हाही असंच काहीसं होतं, पण त्याला हे सूत्र लावू नये. तो ओतल्या क्षणापासून गार होतो, त्यात कण धरतात, आणि श्यानता मिनिटागणिक चढते. शेवटी तो थांबतो तो पृष्ठताणानं नव्हे, घट्ट होऊन.

कडेची कड

हवा, काकवी आणि ताट ज्या रेषेवर भेटतात तिथं गणित अक्षरशः फाटतं. थारोळ्याच्या कडेजवळ पृष्ठभागावर चिमूटभर हळद टाका. हळद कडेकडं सरकते, कडेवर पोचते आणि खाली जाऊन ताटाला चिकटते. काकवी घसरत पुढं जात नाही. पोकलेनच्या पट्ट्यासारखी लोळत जाते.

आता हिशेब करा. तळाचा वेग शून्य, पृष्ठभागाचा कडेच्या वेगाइतका, आणि दोहोंतलं अंतर कडेकडं जाताना शून्याकडं. ताण म्हणजे श्यानता गुणिले वेग भागिले हे अंतर. तो अमर्याद वाढतो हे ठीक, पण त्याची बेरीजही अमर्याद येते. कडेपासून १ सेंटिमीटर ते १ मिलिमीटर या पट्ट्यात जेवढा विरोध मिळतो, तेवढाच १ ते ०.१ मिलिमीटरमध्ये, तेवढाच पुढच्या दहाव्या भागात, आणि हे कधी संपत नाही. हू आणि स्क्रिव्हेन यांनी १९७१ साली हे उघड मांडलं: तळाशी चिकटण्याची अट कडक पाळली तर कड हलवायला अनंत बल लागेल, म्हणजे काकवी ताटावर पसरूच शकणार नाही.

ती पसरते, तेव्हा अटच कुठंतरी खोटी आहे. कडेच्या अगदी जवळ, काही नॅनोमीटरच्या टापूत, द्रवाला किंचित घसरू द्यावं हा एक उपाय. मग बेरीज तिथं थांबते: सेंटिमीटरपासून नॅनोमीटरपर्यंत दहा-दहाच्या सातच पायऱ्या. यातला सुखाचा भाग असा की घसरण्याची लांबी नेमकी किती हे दहापट चुकलं तरी सातपैकी एकच पायरी इकडंतिकडं होते. नॅनोमीटरचं अज्ञान सेंटिमीटरच्या उत्तराला फारसं डसत नाही.

एकतारी पाक

अंगठा आणि तर्जनीत पाकाचा थेंब धरून बोटं विलग करायची आणि तार येते का बघायचं, ही चाचणी घरोघरी चालते. प्रयोगशाळेत द्रवाची ताणश्यानता, म्हणजे ताणला जाताना होणारा विरोध, मोजायला दोन चकत्यांमध्ये थेंब धरून चकत्या दूर नेतात आणि मधला धागा कसा बारीक होतो ते मोजतात. तत्त्व तेच.

धागा बारीक होतो कारण पृष्ठताण त्याला आवळतो. बेल्जियमचा भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लेटो यानं १८७३ मध्ये मांडलेला नियम असा: द्रवाच्या धाग्यावर स्वतःच्या परिघापेक्षा लांब लाट आली तर ती वाढत जाते आणि धागा थेंबांत तुटतो. श्यानता हे तुटणं थोपवू शकत नाही, फक्त लांबवते. दाट द्रवात सर्वांत बारीक जागेची त्रिज्या पृष्ठताण भागिले श्यानता याच्या सुमारे ०.०७ पट वेगानं घटते. आपल्या काकवीत पृष्ठताण भागिले श्यानता म्हणजे १ सेंटिमीटर प्रति सेकंद, तेव्हा त्रिज्या सेकंदाला ०.७ मिलिमीटर घटते. अर्धा मिलिमीटर त्रिज्येचा धागा पाऊण सेकंद टिकतो. तेवढ्यात डोळ्याला तार दिसते. पाण्यात हाच भागाकार ७० मीटर प्रति सेकंदाच्या वर आहे, तिथं तार दिसण्याचा प्रश्नच नाही.

पाक आटताना पृष्ठताण फारसा बदलत नाही, श्यानता कितीतरी पटींनी बदलते. म्हणून एकतारीची चाचणी श्यानताच मोजते. पण श्यानता तापमानानंही झपाट्यानं बदलते, त्यामुळं थेंब बोटांत किती गार झालाय याचा फरक पडतो. चूक बोटं फार सावकाश विलग केल्यावरही होते: धागा ताणायच्या आतच तुटतो आणि पाक कच्चा आहे असं वाटतं.

गणितासाठी तुटण्याचा क्षण म्हणजे शेवट. त्रिज्या शून्य, वक्रता अनंत, समीकरणाला पुढं काही म्हणता येत नाही. जेन्स एगर्सनं १९९३ मध्ये दाखवलं की त्या क्षणाच्या अगदी जवळ धाग्याचा आकार एका ठरावीक साच्यात येतो. तो चमच्यावरून सुटला होता की नळीतून, याची काही खूण उरत नाही.

उत्तर असतं तरी का?

आतापर्यंत उत्तरं काढली ती थर पातळ आहे, आकार सोपा आहे या भरवशावर. गणिती विश्लेषक आधीचा प्रश्न विचारतो: कुठल्याही आकाराच्या द्रवाला, कुठल्याही सुरुवातीच्या वेगाला, उत्तर मिळेलच का? एकच मिळेल का? सुरुवात जराशी बदलली तर उत्तर जरासंच बदलेल का? मुक्त सीमा नसतानाही त्रिमितीत हा प्रश्न सुटलेला नाही. क्ले संस्थेनं २००० साली त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं ते अजून तसंच आहे.

मुक्त सीमेसाठी वापरतात ती युक्ती मात्र सांगण्यासारखी आहे. जागा हलते हीच अडचण ना? मग प्रत्येक कणाला त्याच्या सुरुवातीच्या जागेचा पत्ता चिकटवायचा आणि सगळा हिशेब त्या पत्त्यांवर करायचा. पत्ते हलत नाहीत, म्हणून जागा कायमची स्थिर झाली. मोबदल्यात समीकरण कुरूप होतं: त्यातले गुणक आता द्रव किती ताणला-पिळला गेला यावर अवलंबून. पण सुरुवातीला थोडा वेळ तो फारसा पिळलेला नसतो. म्हणून गुणक गोठवून सोपं समीकरण सोडवायचं, उत्तरावरून गुणक सुधारायचे, परत सोडवायचं. दर फेरीत चूक ठरावीक प्रमाणात घटते हे दाखवता आलं की काम फत्ते. ते दाखवणं हाच कष्टाचा भाग, आणि लेनिनग्राडचे सोलोनिकोव्ह यांनी १९७० च्या दशकात तो उभा केला. थॉमस बील यांनी १९८१ मध्ये तळ असलेल्या द्रवाच्या थरासाठी थोड्या वेळापुरतं उत्तर सिद्ध केलं, आणि १९८४ मध्ये पृष्ठताण धरून, द्रव जवळपास शांत असेल तर, सर्वकाळासाठी.

जवळपास शांत हे शब्द वगळता येत नाहीत. जोराच्या हालचालीत काय होऊ शकतं ते गेल्या दशकात पक्कं सिद्ध झालंय: श्यान द्रवाचा पृष्ठभाग वाकून वाकून ठरावीक वेळात स्वतःलाच एका बिंदूत टेकू शकतो. गंमत अशी की त्या क्षणापर्यंत वेग आणि पृष्ठभाग दोन्ही गुळगुळीत असतात. फुटतं काही नाही. फक्त कडेच्या दोन वेगळ्या जागा एकाच ठिकाणी येतात, आणि आत कुठलं व बाहेर कुठलं हे सांगता येईनासं होतं. द्विमितीतल्या सिद्धतेत प्रतलावर वर्गमूळाचं रूपांतर वापरतात. त्यानं टेकलेल्या दोन कडा दूर होतात, आणि त्या उलगडलेल्या जगात टेकण्याचा क्षण अगदी साधा असतो.

संगणकाला शिकवताना

लॉस अलामॉसच्या हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ मध्ये चौकटींच्या जाळ्यातून खुणेचे कण सोडून मुक्त पृष्ठभाग हिशेबात आणला. पुढं १९८१ ची पद्धत प्रत्येक चौकट किती टक्के भरलीय हे मोजते. १९८८ ची पद्धत पृष्ठभागापासूनचं अंतर साठवते. १९८१ च्या पद्धतीत वस्तुमान नीट सांभाळलं जातं पण वक्रता खडबडीत येते, आणि शांत थेंबाभोवतीही खोटे प्रवाह उठतात. १९८८ च्या पद्धतीत वक्रता छान, पण द्रव हळूहळू गळत जातो. काळजी न घेतल्यास थेंब कुठलंही कारण नसताना लहान होतो.

काकवीत आणखी एक खड्डा आहे. चौकट ०.१ मिलिमीटरची घेतली आणि श्यानतेचं पद सरळ पद्धतीनं, मागच्या पायरीवरून पुढची काढत, सोडवलं तर दर पायरी अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत ठेवावी लागते. एका सेकंदाच्या काकवीला वीस लाख पायऱ्या. म्हणून श्यानतेचं पद पुढच्या पायरीच्या अज्ञात वेगांसकट एकदम सोडवतात. तिथं कडेवरची समांतर ताणाची अट आळसानं सोपी केली की ताटात पडणारी धार गुंडाळत नाही, नुसती बसते. खऱ्या काकवीची धार दोरखंडासारखी वेटोळी घालते.

आणि कडेची कड इथंही पिच्छा सोडत नाही. प्रोग्रामला घसरण्याची लांबी दिली नाही तर चौकटीची लांबीच गुपचूप ती भूमिका घेते; जाळं बारीक केलं की कड आणखी अडखळते, आणि जाळं सुधारतंय तसं उत्तर स्थिरावण्याऐवजी सरकत राहतं. तपासणीला आपलं थारोळं पुरतं. ५० मिलिलिटर काकवी, वर दिलेले गुणधर्म, सपाट तळ: १० आणि १०० सेकंदांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर १.३३ च्या जवळ यायला हवं. जाळं निम्मं करून परत चालवा. गुणोत्तर हललं तर आधी कडेवरची अट पाहावी, मग बाकीचं.